काचतंतू आणि रबर: चिकटवण्याआधी काचेला काचेपासून वाचवा

कापसाच्या कापडाला रबर धरवायला फार डोकं चालवावं लागत नाही. कापसाचा धागा केसाळ असतो. त्याची बारीक टोकं कच्च्या रबरात शिरतात आणि रबर व्हल्कनाइझ झालं की तिथंच अडकून बसतात. नांदेडची उस्मानशाही मिल भरात होती त्या काळात पट्टे, होज, टायर हे सगळं प्रामुख्याने कापसाच्या दोऱ्यावरच चालायचं आणि चिकटवण्यासाठी वेगळं काही लावावं लागत नसे. पंचाईत झाली ती रेयॉन आल्यावर. रेयॉनचा अखंड, गुळगुळीत तंतू रबरातून सुळकन निसटायचा. त्यावर ड्यु पाँट कंपनीतल्या चार्च आणि मॅनी यांनी तोडगा काढला. त्याचं पेटंट १९३८ सालचं आहे. रिसॉर्सिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांचं रेझिन लॅटेक्समध्ये मिसळायचं, त्यात दोरा बुडवायचा आणि भट्टीत भाजायचा. या डिपला धंद्यात आरएफएल म्हणतात. इतकी वर्षं झाली तरी टायर आणि पट्ट्यांच्या जगात मुख्य आधार अजून त्याचाच आहे.

काचतंतू हा रेयॉनच्याही पुढचा गुळगुळीत. लातूर किंवा नांदेडच्या एमआयडीसीत हायड्रॉलिक प्रेसवर रबराचे भाग काढणाऱ्या छोट्या कारखान्याकडे हे काम आलं, तर पहिल्या नमुन्यात कापड आणि रबर हाताने सोलून वेगळं होण्याची शक्यता दाट असते. मग दोष सोल्युशनवर टाकला जातो, ब्रँड बदलला जातो, दुसरा नमुनाही सुटतो. हा लेख त्या फेऱ्यात अडकलेल्यांसाठी आहे. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला यावर प्रकल्प करू पाहणाऱ्या नांदेडजवळच्या विष्णुपुरी कॉलेजच्या मुलामुलींनाही तो उपयोगी पडेल.

आधी काम घ्यायचं की नाही ते ठरवा. काच ताणली जात नाही, तापून आकसत नाही, कुजत नाही. म्हणून जिथं लांबी तसूभर बदलून चालत नाही किंवा उष्णता जास्त आहे तिथं ती शोभते. मोटारीचा टायमिंग बेल्ट हे पहिल्या प्रकारचं उदाहरण. आपल्या भागात दुसऱ्या प्रकारचं काम जास्त मिळण्यासारखं आहे. मांजरा, भाऊराव चव्हाण आणि इतर साखर कारखान्यांच्या बॉयलरच्या डक्टमध्ये, पंख्याच्या आगेमागे, कापड-रबराचे बेलोज लागतात. धुराड्याकडे जाणारा वायू दीडशे अंशांच्या आसपास असतो, तिथं नायलॉनचं काम नाही. उलट डाळ मिलच्या व्ही-बेल्टमध्ये काच शोधू नका. त्यात पॉलिएस्टरचा दोरा असतो आणि तोच योग्य आहे, कारण मिलमधला पट्टा झटके खातो आणि काचेला झटका सोसत नाही. चाळणीला जोडणाऱ्या ज्या स्लीव्हमधून डाळ वाहते, तिच्यासाठी काचेचं कापड कुणी मागितलं तर सरळ नाही म्हणा. तंतूचा एक तुकडा डाळीत गेला तर तो निवडून काढता येत नाही.

आता मुद्द्याचं. ई-ग्लासचा एक तंतू साधारण ९ मायक्रॉन जाड असतो. माणसाच्या केसाच्या जाडीत असे सात-आठ तंतू शेजारी शेजारी मावतील. एका धाग्यात असे शेकडो तंतू. ताणून तोडायला गेलात तर त्यांची ताकद लोखंडी तारेला लाजवणारी. पण दोन तंतू एकमेकांवर घासले की पृष्ठभागावर सूक्ष्म ओरखडा पडतो, तिथून तडा सुरू होतो आणि तंतू तुटतो. पट्टा पुलीवरून फिरतो तेव्हा प्रत्येक फेरीत धाग्यातले तंतू एकमेकांवर सरकतात. म्हणून काचेच्या बाबतीत डिपचं पहिलं काम रबराला चिकटणं हे नव्हेच. प्रत्येक तंतूभोवती मऊ आवरण चढवून त्याला शेजारच्या तंतूपासून दूर ठेवणं हे पहिलं काम. रबर धरणं त्याच्या नंतरचं. ही गोष्ट लक्षात आली की बाकीचे आकडे आपोआप अर्थ देऊ लागतात. नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या दोऱ्यावर वजनाच्या पाच-सात टक्के डिप पुरतो, कारण तिथं तो बाहेरून बसला तरी चालतं. टायमिंग बेल्टच्या काचदोऱ्यावर मात्र कोरड्या डिपचं वजन १५ ते २५ टक्क्यांपर्यंत चढवतात. तो आत, गाभ्यापर्यंत गेला पाहिजे.

खरेदीतच निम्मा खेळ हरता येतो. काचतंतू कारखान्यातून निघतानाच त्यावर एक पातळ लेप असतो, त्याला साइझ म्हणतात. कोणत्या कामासाठी तंतू बनवला त्यावर साइझ ठरतो. पाण्याच्या टाक्या आणि पत्रे करणारे फायबरवाले जी मॅट आणतात तिचा साइझ पॉलिएस्टर रेझिनसाठी असतो. ती स्वस्त मिळते, हैदराबादला किंवा पुण्याला कुठल्याही दुकानात मिळते, आणि रबरासाठी निरुपयोगी असते. विणकामाच्या साध्या कापडावर स्टार्च आणि तेलाचा साइझ असतो, तो तर चिकटण्याच्या थेट विरोधात काम करतो. तो जाळून काढता येतो, पण भट्टीत तापवलेलं कापड आपली बरीच ताकद गमावतं आणि नंतर हात लावला तरी मोडतं. दुकानदाराला नेमकं सांगा: रबरासाठी, अमिनो सायलेन असलेला साइझ हवा. सायलेनच्या रेणूचं एक टोक काचेशी बांधलं जातं आणि दुसरं रेझिनशी. ही सोयरीक जुळली नाही तर पुढचा कोणताही महागडा लेप काचेवर नुसता बसलेला राहतो, धरलेला नाही. कापडाच्या प्रत्येक गठ्ठ्याबरोबर साइझचा उल्लेख असलेला कागद मागा. कागद नसेल तर माल घेऊ नका, मग तो कितीही ओळखीचा माणूस असो.

काचतंतू तळोज्याला बनतो, गोव्यात कोलवाळलाही बनत आला आहे. डिपसाठी लागणारा व्हिनाइल पायरिडीन लॅटेक्स तळोज्याचीच अ‍ॅपकोटेक्स कंपनी बनवते. म्हणजे कच्चा माल परदेशातून आणण्याचं कारण नाही. अडचण एवढीच की हे लोक ड्रमच्या हिशोबाने विकतात आणि लॅटेक्स वर्षभर ठेवता येत नाही. दोन-तीन कारखान्यांनी मिळून ड्रम आणला तरच परवडेल.

आता डिप. पुढची मापं वजनाची आहेत आणि या धंद्यात वर्षानुवर्षं रुळलेली आहेत. २३८ भाग पाण्यात ०.३ भाग कॉस्टिक सोडा विरघळवा. त्यात ११ भाग रिसॉर्सिनॉल टाका. ते पूर्ण विरघळल्यावर ३७ टक्क्यांचं फॉर्मालिन १६ भाग घाला. हे मिश्रण २५ अंशांना सहा तास राहू द्या. दुसऱ्या भांड्यात ४१ टक्क्यांचा व्हिनाइल पायरिडीन लॅटेक्स २४४ भाग आणि पाणी ६० भाग हलक्या हाताने एकत्र करा. सहा तास पिकलेलं रेझिन या लॅटेक्समध्ये बारीक धारेने सोडा, वरून २८ टक्क्यांचा अमोनिया ११ भाग. मिक्सर जोरात फिरवू नका, फेस आला की लॅटेक्सच्या गुठळ्या होतात. हे रात्रभर ठेवून, मलमलच्या कापडातून गाळून दुसऱ्या दिवशी वापरायचं. यात घन पदार्थ साधारण २० टक्के येतो. सामू ९.५ ते १०.५ च्या दरम्यान असावा.

कृती सोपी दिसते. मराठवाड्यात ती तीन ठिकाणी अडते.

पहिलं, पाणी. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम लॅटेक्सला फोडतं, भांड्याच्या कडेला दह्यासारखा साका धरतो. लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा शहरात डिपसाठी वेगळं पाणी ठेवा म्हणणं उधळपट्टी वाटेल. पण एका घाण्याला लागतं ते शे-दीडशे लिटर. डीमिनरलाइज्ड किंवा डिस्टिल्ड पाणीच वापरा, आरओचंही चालेल. टँकरचं नको.

दुसरं, उष्णता. रेझिन २५ अंशांना सहा तासांत जेवढं पिकतं, तेवढं मे महिन्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, पारा बेचाळिशीला टेकलेला असताना, फार लवकर पिकतं आणि पुढं जातं. जास्त पिकलेल्या रेझिनचे रेणू मोठे होतात, ते धाग्यात शिरत नाहीत, बाहेरच साल धरतात. वर म्हटलेलं पहिलं काम तिथंच बिघडतं. भांड्याला थंड पाण्याचं जॅकेट करा, किंवा पहाटे चारला घाणा लावा. थर्मामीटर भांड्यात बुडालेला हवा, भिंतीवर टांगलेला नको. तयार डिपही उन्हाळ्यात थंड जागी ठेवा आणि आठवड्याच्या आत संपवा.

तिसरं, हिवाळा. याचा विचार कुणी करत नाही. नांदेड-लातूरला डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहा-बाराच्या खाली उतरतो. फॉर्मालिनच्या कॅनच्या तळाशी पांढरा गाळ बसतो. तो पॅराफॉर्माल्डिहाइड असतो. म्हणजे वरच्या द्रवात ३७ टक्के राहिलेलंच नसतं आणि तुम्ही मापून कमी फॉर्माल्डिहाइड घालता. गाळ दिसला की तो कॅन डिपसाठी वापरू नका.

फॉर्माल्डिहाइडबद्दल एवढ्यावर थांबता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. डोळे चुरचुरायला लागले की मात्रा आधीच वाढलेली असते. भांड्यावर झाकण, वर एक्झॉस्ट, हातात नायट्राइलचे हातमोजे. शेडमध्ये मुलं फिरत असतील तर काम बंद. उरलेला डिप गटारात ओतायचा नाही. युरोपात फॉर्माल्डिहाइड आणि रिसॉर्सिनॉल दोन्ही टाळणारे डिप आले आहेत. कॉन्टिनेन्टल आणि कोर्डसा या कंपन्यांनी त्यातला एक इतरांसाठी खुला केला. पण छोट्या कारखान्याच्या आवाक्यात आज तरी जुनीच पद्धत आहे, म्हणून ती काळजीने करायची.

कापड डिपमधून हळू ओढा. घाईने ओढलेलं कापड बाहेरून ओलं आणि आत कोरडं राहतं. दोन पातळ बुडव्या एका जाड बुडवीपेक्षा नेहमी चांगल्या. पहिल्या बुडवीला डिप आणखी पाण्याने सैल केला तर तो आत जास्त शिरतो. नंतर रोलर दाबून जादा डिप काढा आणि वाळवा. वाळवण आधी ११० ते १३० अंशांना करा. थेट तापलेल्या भट्टीत घातलं तर पाण्याची वाफ फोड उठवते. पाणी पूर्ण उडाल्यावर २०० ते २४० अंशांना एक ते दोन मिनिटं भाजा. लोडशेडिंगमुळे मधेच भट्टी थंड झाली तर तो तुकडा बाजूला काढा, पुन्हा भाजून वापरू नका. नीट भाजलेलं कापड तांबूस तपकिरी दिसतं आणि बोटाला चिकटत नाही. पिवळट आणि चिकट असेल तर कच्चं. काळपट आणि पापडासारखं कडक असेल तर जळालेलं, त्यावर रबर धरणार नाही. बुडवण्यापूर्वी आणि भाजल्यानंतर एकाच तुकड्याचं वजन घ्या. शंभर ग्रॅमचा तुकडा एकशे पाचचा झाला असेल तर काही तरी चुकलंय. एकशे पंधरा ते वीस झाला तर पुढं जा.

भाजलेलं कापड उघड्यावर पडू देऊ नका. ऊन, ओझोन आणि दमट हवा आरएफएलचा पृष्ठभाग मारून टाकतात. पावसाळ्यात तर दोन दिवसांत फरक कळतो. काळ्या पॉलिथिनमध्ये गुंडाळून, सिलिका जेलची पुडी टाकून, मोटारी आणि वेल्डिंग मशीनपासून दूर ठेवा आणि होईल तितक्या लवकर वापरा. वेल्डिंगच्या ठिणगीजवळ ओझोन तयार होतो, हे छोट्या शेडमध्ये सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही.

रबराच्या बाजूने फारशी गुंतागुंत नाही, पण जोडी जुळलीच पाहिजे. नैसर्गिक रबर आणि एसबीआर या डिपशी छान जमतात. निओप्रीनचं काम असेल तर डिपमध्ये निओप्रीन लॅटेक्स हवा, नायट्राइलचं असेल तर नायट्राइल लॅटेक्स. ईपीडीएम मात्र कुणालाच सहज धरत नाही, तिथं आरएफएलवर आणखी एक सोल्युशनचा हात लागतो. टायमिंग बेल्टवालेही असा दुसरा हात देतात: क्लोरीनयुक्त रबर आणि आयसोसायनेट असलेलं सोल्युशन. धातूला रबर धरवण्यासाठी आपल्याकडे केमलॉक २०५ आणि २२० ही जोडी सर्रास वापरतात. तीच काचेच्या कापडावर लावणारे पुष्कळ आहेत. पहिल्या दिवशी ती धरल्यासारखी वाटते. पण ती धाग्याच्या आत जात नाही, वर एक ताठ साल तयार करते आणि कापड वाकलं की साल तडकते. तो पैसा वाया जातो.

कंपाउंडमध्ये गंधकाचा मारा नीट असावा. डिपमधला लॅटेक्स आणि बाहेरचं रबर गंधकाच्या पुलानेच एकमेकांशी सांधले जातात, पेरॉक्साइडने पिकवलेल्या रबरात हा सांधा कमजोर राहतो. टीएमटीडीसारखा फार चपळ अ‍ॅक्सलरेटर घालू नका. रबर कापडाच्या विणीत शिरण्याआधीच गोठतं. शीट एकमेकांना चिकटू नयेत म्हणून फ्रेंच चॉक किंवा झिंक स्टीअरेट भुरभुरण्याची सवय आपल्या सगळ्या मिक्सिंग मिलवर आहे. कापडाला लागणाऱ्या बाजूवर ती पूड म्हणजे मधे घातलेला पडदाच. टोल्यूइनने पुसा आणि पूर्ण उडू द्या, नाही तर प्रेसमध्ये त्याचे फुगे येतात. प्रेस १५० अंशांना, दाब भरपूर, आणि सुरुवातीला दोन-तीन वेळा उघडझाप करून हवा काढायची.

डिप करण्याची सोयच नसेल तर एक आडमार्ग आहे. चिकटणारी द्रव्यं रबरातच घालायची: शंभर भाग रबरामागे प्रेसिपिटेटेड सिलिका १० ते १५, रिसॉर्सिनॉल अडीच आणि हेक्सा (हेक्सामिथिलीनटेट्रामाइन) दीड भाग. प्रेसच्या उष्णतेत रेझिन जागेवरच तयार होतं. कन्व्हेयरच्या आणि होजच्या धंद्यात ही पद्धत चांगली मुरलेली आहे. काचेच्या बाबतीत तिची मर्यादा उघड आहे: रबर बाहेरच्या तंतूंना धरेल, आतले तंतू उघडेच राहतील. न वाकणाऱ्या, एका जागी बसलेल्या गॅस्केटसाठी चालेल. बेलोजसाठी नाही.

बॉयलरच्या डक्टचं काम असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि सिलिकॉनकडे जा. दीडशे अंशांना नैसर्गिक रबर काही दिवसांत कडक होऊन फुटतं, आरएफएलचाही टिकाव लागत नाही. सिलिकॉनसाठी काचेच्या कापडावर सायलेनचाच प्रायमर लागतो, हवेतल्या थोड्या ओलाव्याने तो पिकतो. इथं मराठवाड्याचा कोरडा उन्हाळा उलटा आडवा येतो: मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की प्रायमर पूर्ण व्हायला जास्त वेळ लागतो. प्रायमर लावल्यानंतर खोलीत ओलं पोतं टांगून ठेवा. आणि प्लॅटिनमने पिकणारं सिलिकॉन वापरत असाल तर ज्या मिलवर गंधकाचं रबर फिरतं तिच्या जवळही ते आणू नका. गंधकाचा किंवा अमाइनचा अंश लागला तरी ते पिकत नाही, चिकट राहतं.

नमुना तयार झाला की सोलून पाहण्याची पद्धत ठरवा. दोन कापडांच्या मधे रबराचा थर, पंचवीस मिलिमीटर रुंदीची पट्टी, एका टोकाला सेलोफेन घालून मुद्दाम न चिकटवलेला भाग. एक टोक वर बांधा, दुसऱ्याला वजन लटकवा आणि वाढवत जा. दहा किलोला हळूहळू सोलायला लागली तर जोड साधारण चार न्यूटन प्रति मिलिमीटरचा आहे. आकडा लिहा, पण तिथं थांबू नका. सोललेले दोन्ही चेहरे उजेडात धरून दहा पट भिंगातून बघा. खरं उत्तर तिथं लिहिलेलं असतं.

दोन्हीकडे काळं, खडबडीत रबर दिसतंय? रबरच फाटलं, जोड सुटला नाही. याहून जास्त काही मागायचं नसतं. एका बाजूला चकचकीत तपकिरी कापड आणि दुसऱ्या बाजूला रबरावर कापडाच्या विणीचा स्वच्छ ठसा? डिप काचेला धरून आहे, रबर डिपला धरलं नाही. भट्टी जास्त झाली, कापड उघड्यावर राहिलं, चॉक लागला किंवा कंपाउंड घाई करतंय. तपकिरी पापुद्रा रबराबरोबर निघून गेला आणि कापड पांढरंशुभ्र उघडं पडलं? मग रबराचा काही दोष नाही, साइझ चुकीचा आहे किंवा काचेवर ओल होती. चौथा प्रकार सगळ्यात फसवा. धागा मधोमध चिरला जातो, अर्धे तंतू इकडे, अर्धे तिकडे, बाहेरून तपकिरी आणि आत पांढरा गाभा. आकडा कधी कधी चांगला येतो, कारण बाहेरचं आवरण घट्ट असतं. पण डिप गाभ्यात गेलेलाच नसतो. अशी वस्तू महिनाभर वाकली की आतल्या आत तंतू मोडतात आणि एक दिवस ती बाहेरून धडधाकट दिसत असतानाच फाटते. रोगच वेगळा असल्यामुळे दरवेळी सोल्युशन बदलून उपयोग नसतो.

अशीच दुसरी पट्टी चोवीस तास उकळत्या पाण्यात ठेवून मग सोला. काचेचा कच्चा दुवा पाणी आहे: सायलेनचा काचेशी असलेला बंध ओलाव्यात हळूहळू सुटतो आणि कापलेल्या कडेतून पाणी धाग्याच्या पोकळीत केशाकर्षणाने आत चढत जातं. कोरडा आकडा चार आणि ओला दीड येत असेल तर गिऱ्हाइकाला कोरडा आकडा सांगणं ही फसवणूक आहे. बेलोजच्या कडा म्हणूनच रबराने दुमडून बंद करायच्या, कापून उघड्या सोडायच्या नाहीत.

उघडी कड पाहायची असेल तर गॅरेजमध्ये पडलेला टायमिंग बेल्ट हातात घ्या. जर्मनीच्या ग्लास नावाच्या मोटार कंपनीने १९६२ मध्ये १००४ या मोटारीत कॅमशाफ्टसाठी दातेरी रबरी पट्टा आणला. अमेरिकेत पाँटियाकने १९६६ मध्ये काचतंतूंनी मजबूत केलेला पट्टा आपल्या सहा सिलिंडरच्या इंजिनाला दिला. आपल्याकडे मारुती ८०० मुळे तो गावोगावच्या मिस्तरींच्या हाती आला. महाराष्ट्रात नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतली पिक्स ट्रान्समिशन्स ही या धंद्यातली मोठी नावाजलेली कंपनी. टायमिंग बेल्ट घडवतात तेव्हा गोल साच्यावर आधी कापड, मग दोरा स्प्रिंगसारखा गुंडाळत जातात, वर रबर, आणि पिकल्यावर त्या नळकांड्याचे पट्टे कापतात. म्हणून कडेला दोऱ्याची तिरकी कापलेली टोकं दिसतात. बारकाईने पाहिलं तर नव्या पट्ट्याच्या त्या टोकांवर तपकिरी डिप भरलेला असतो. कडेला पांढरे केस उभे राहिले की समजा, पट्टा संपला.

मिस्तरींसाठी एवढंच: नवा पट्टा खिशात किंवा मुठीत चुरगळू नका, उलटा पिळू नका, स्क्रू-ड्रायव्हरने पुलीवर चढवू नका. एकदा कोनात मुडपलेला काचदोरा परत सरळ होतो, पण आतले तंतू तुटलेले असतात आणि ते वरून दिसत नाही. पंपाच्या सीलमधून तेल गळत असेल तर आधी सील बदला, मग पट्टा.

बाहेरून पक्का अहवाल हवा असेल तर ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या इंडियन रबर मटेरियल्स रिसर्च इन्स्टिट्यूटकडे (आधीचं नाव इंडियन रबर मॅन्युफॅक्चरर्स रिसर्च असोसिएशन) नमुने पाठवता येतात. कापडासाठी आयएसओ ३६ प्रमाणे सोलण्याची चाचणी मागा, दोऱ्यासाठी एच-टेस्ट. त्यात रबराच्या दोन ठोकळ्यांत दोऱ्याची टोकं रुतवून ती उपसायला किती जोर लागतो ते मोजतात. पाच नमुने कोरडे आणि पाच उकळलेले पाठवा. अर्जात एक ओळ आवर्जून लिहा: प्रत्येक नमुना कोणत्या थरातून सुटला ते नोंदवून, सोललेले तुकडे परत पाठवावेत. त्या तुकड्यांवर तारीख, घाण्याचा क्रमांक आणि भट्टीचं तापमान लिहून ते पाकिटात जपून ठेवा. पुढच्या वर्षी तक्रार आली की गिऱ्हाइकाच्या फाटलेल्या बेलोजशेजारी ठेवून पाहता येतील.